सुमे, तरवड फुललाय

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन सहा महिने झाले. खणात समोरच ठेवलंय, रोज दिसतं आणि रोज वाटतं, आज लिहू. रागावली असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच. आम्ही सगळे बरे. माझा गुडघा आहे तसाच आहे, नानांचं बीपी गोळीवर नीट आहे.

तर, तरवड फुलला.

मागच्या मंगळवारी फाटक उघडायला गेले तर शेंड्याला पिवळा घोस! पाच पाकळ्या, चुरगळलेल्या रेशमासारख्या, आणि मागे वाटाण्याएवढ्या कळ्या. मी तिथंच उभी. दूधवाल्याने दोनदा हाक मारली म्हणे. तुमच्या बांधावरच्या शेंगांचं बी ते. निघताना तू माझ्या ओढणीत बांधून दिल्या होत्यास ना, चपट्या, कागदासारख्या? आता तो बांधही नाही, रस्ता झाला तिथं. म्हणून हे तुलाच सांगायचं होतं. इथं कुणाला सांगितलं तर म्हणतात, तरवड? तो तर रानात कुठंही उगवतो.

कुठंही उगवतो, पण माझ्याकडे उगवताना त्याने घाम काढला. पहिल्या वेळी बी तसंच पेरलं, एक कोंब नाही. कवच दगडासारखं असतं त्याचं. मग काही बिया पॉलिश पेपरवर घासल्या, काहींवर कढत पाणी ओतून रात्रभर ठेवल्या. नऊंपैकी पाच आल्या. सोटमूळ खोल जातं, नंतर हलवलं तर रुसतं, म्हणून थेट जमिनीतच पेरल्या होत्या. त्या पाचांतली दोनच झुडपं टिकली. तीन वर्षं वाट पाहिली.

आणि आपलं ते भांडण! आठवीत तू म्हणायचीस, या फुलात मध असतो, मुंग्या येतात म्हणजे असणारच. मी म्हणायचे नसतो. पंधरा दिवस अबोला धरला होतास तू त्यावरून. आता ऐक, समोर बसून पाहिलंय मी. काळा भोमरा येतो, खालच्या लांब, वाकड्या पुंकेसरांना मिठी मारतो आणि अंग थरथरवतो. उडतानाचा आवाज वेगळा, हा वेगळा, बारीक आणि चढा. त्या थरथरीने पुंकेसराच्या टोकाच्या भोकातून पराग उडतो आणि भोमऱ्याच्या पोटावर बसतो. फुलात मध नाहीच, त्याला परागच हवा असतो. पण मुंग्याही आहेत! त्या फुलावर जात नाहीत, पानाच्या देठावर पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी असतात, तिथं तोंड लावून बसतात. म्हणजे तूही अर्धी जिंकलीस. अर्धीच हं.

आता जे सांगायचंय ते. नाना त्याला पाणी घालतात.

आई गेल्यापासून सकाळी पाइप धरणं हे एकच काम ते उठून करतात. तुला माहितीय ते घर, तुला माहितीयत नाना. जास्वंदीला, मोगऱ्याला पाणी घातलं तर माझी काही तक्रार नाही. पण तरवडाला रोज पाणी म्हणजे विषच. दुसरं झुडूप गेल्या वर्षी याच पायी गेलं. आमची माती काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. त्या झुडपाची पानं पिवळी पडून माना टाकू लागली, नानांना वाटलं तहानलंय, त्यांनी आणखी घातलं. शेवटी मी उपटलं तर मूळ काळं पडलेलं, बोटाने दाबल्यावर साल ओल्या कागदासारखी सुटून आली. वासही येत होता. हे उरलेलं मी मुरूम टाकून उंचवट्यावर केलं होतं, म्हणून वाचलं. आता नानांनी त्याच्याभोवती छान गोल आळं केलंय, कडा थापून थापून. पाऊस थांबून चार दिवस झाले नाहीत तोच आळं काठोकाठ भरलेलं. खालची पानं पिवळी दिसायला लागलीत, सुमे.

सांगितलं मी एकदा. म्हटलं, नाना, माळावर याला कोण पाणी घालतं? काही बोलले नाहीत, पाइप गुंडाळून ठेवला. पुढचे दोन दिवस दहा वाजेपर्यंत खोलीतून बाहेर आले नाहीत. चहा तसाच पडून. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, नाना, मोगरा सुकलाय हो. तेव्हा उठले, आणि पहिलं पाणी तरवडालाच!

का, ते परवा कळलं. घोसातली फुलं बोटाने मोजत होते. म्हणाले, "नऊ माळा व्हायला हव्यात." आईच्या घटाला तरवडाचीच माळ असायची ना. तू आणि मी परडी घेऊन माळावर जायचो आणि तू निम्मी फुलं वाटेत केसात माळून संपवायचीस, आई ओरडायची ते मला. या एका झुडपाला नऊ दिवसांची फुलं पुरणारच नाहीत. ती पुरावीत म्हणून नाना रोज पाइप सोडतात. त्यांना काय सांगू मी? रात्री गुपचूप आळं फोडून पाणी वाट काढेल असं केलं, सकाळी त्यांनी परत बुजवलं. माझंच चोरी केल्यासारखं तोंड झालं.

तुझं काय चाललंय? बदलीचं काय झालं? लेक हैदराबादला रमली का? तिला सांग, तेलंगणाचं राज्यफूल म्हणजे आपला तरवडच. तंगेडू म्हणतात तिकडे, बतुकम्मा, म्हणजे सणाला करतात तो फुलांचा मनोरा, त्याचा रचतात. जावईबापूंना नमस्कार.

एक मागते. तुमच्या गावाकडच्या माळावर अजून तरवड आहे ना? घट बसायच्या आदल्या संध्याकाळी ये, येताना कळ्यांच्या फांद्या पिशवी भरून आण. पाण्यात ठेवल्या तर दोन-तीन दिवस निघतील, पुढचं पुढे बघू. आणि वाळलेल्या शेंगाही आण, भिंतीपलीकडे मुरमात पेरीन, तिथं पाइप पोचत नाही. नानांशी तूच बोल. तुझ्या गणिताच्या वहीवर ते "शाबास" लिहायचे, माझ्या नाही. तुझं ऐकतील.

मी आळं रोज थोडं थोडं फोडतेय. तू येईपर्यंत तग धरेल असं वाटतं.

तुझी,
कुंदा

ता. क. केसात माळायला वेगळी फुलं आण.