विकेटींचा हिशेब सांगता, कर्णधारपदाचाही सांगा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

जुलै 2024 मध्ये विश्वविजेत्या भारतीय संघातील मुंबईच्या खेळाडूंचा विधानभवनात सत्कार झाला आणि संघासाठी 11 कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. त्या आनंदात आम्हीही होतोच. विजयानंतर सरकार आणि मैदान एका व्यासपीठावर येतात, यात वावगे काही नाही; मात्र समाजाने मैदानावर कोणाला अडवले, याचा उल्लेख अशा समारंभांत क्वचितच होतो. म्हणून बाळू पालवणकरांविषयी हे पत्र.

चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी तयार करी आणि इंग्रज फलंदाज कॅप्टन ग्रेग यांना तासन्‌तास सरावासाठी चेंडू टाकी. तेव्हा क्रिकेटचे संघ धर्मवार असत. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना खेळायला घेतले, कारण युरोपियनांना हरवायचे होते. चेंडूला सर्वांचे हात लागत, तिथे विटाळ आड येत नसे. चहाच्या सुट्टीत मात्र बाळूंना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. आशियाई जपानने युरोपीय रशियाला नमवल्याला तेव्हा वर्षही उलटले नव्हते, वंगभंगाविरुद्धची चळवळ पेटली होती. अशा दिवसांत या विजयाचा अर्थ मैदानापुरता राहिला नाही. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरुण आंबेडकरांना त्यांचा अभिमान वाटे.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. 1920 साली विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली, तेव्हा कुठे बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. विठ्ठल कर्णधार झाले ते 1923 मध्ये. (आमच्या शालेय पुस्तकांत यातले एकही वाक्य नव्हते.) जातिभेदाच्या ज्या प्रश्नांवर सभा-परिषदांत वाद झडत होते, त्यांचा निकाल संघनिवडीत प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत लागत होता, आणि पुढच्या राजकारणाचे धागेही तिथूनच निघाले: पुणे कराराच्या काळात बाळू वाटाघाटींत होते आणि 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून हरले. मुंबईत भरणाऱ्या धर्मवार संघांच्या क्रिकेट स्पर्धेला 1940 मध्ये गांधीजींनी विरोध केला आणि 1946 पर्यंत ती बंद पडली.

आपण खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, राज्य क्रीडा दिन ठरवला, हे उत्तमच झाले. त्याच दिवशी जिल्हा क्रीडा संकुलांत बाळूंची ही हकीकतही सांगितली जावी, आणि ती सांगताना विकेटींबरोबर न मिळालेल्या कर्णधारपदाचाही हिशेब द्यावा. शालेय पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर पाठ घेण्यासाठी आपण शिक्षणमंत्र्यांकडे आग्रह धरावा. आणखी एक मागणी आहे: शासकीय मैदानांवर खेळपट्टी राखणाऱ्या माळ्यांना आणि त्यांच्या मुलांना तिथल्या नेटमध्ये विनाशुल्क सराव करता येईल, असा लेखी आदेश आपल्या खात्याने काढावा.

आपला,
एक क्रिकेटप्रेमी नागरिक