श्रूजबेरीच्या गावी

बर्मिंगहॅम, रविवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, काल आम्ही खरोखरच्या श्रूजबेरीला जाऊन आलो! बिस्किटाच्या नावाचं गाव असतं, हे ईराला पटेचना. ट्रेनने इथून तासाभरावर. सेव्हर्न नदीने गावाला असा वेढा घातलाय की जवळजवळ चहूकडे पाणीच. काळ्या लाकडी चौकटींची, पांढऱ्या भिंतींची जुनी घरं, काहींचे वरचे मजले गल्लीवर पुढे झुकलेले. वाइल कॉप नावाचा चढ चढताना समीरला पर्वती आठवली. दोनदा टेकला वाटेत.

किल्ल्याजवळच्या रस्त्यावर एक पाटी आहे, पेलिन नावाच्या माणसाने १७६० साली त्या जागी श्रूजबेरी केक केले म्हणून. केक म्हणायचं, पण असतं बिस्किटच. आम्ही खाल्लं त्यात लिंबाची साल होती. बरं होतं. पण कॅम्पात कयानीच्या रांगेत उभं राहून आणलेला तो लोणीदार वासाचा खोका, तो कुठला!

बाबा, आता तुमच्यासाठी. भर चौकात पुतळा कुणाचा असेल? रॉबर्ट क्लाइव्हचा! तो इथला खासदार होता, १७६२ साली महापौरही झाला. मी ईराला सांगितलं, प्लासीच्या आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच बाबा वॉटसनच्या आरमाराबरोबर आपल्या विजयदुर्गावर चालून आला होता, तुळाजी आंग्र्यांची गलबतं तिथेच जळाली. तर ती म्हणते, "मग पेशव्यांनी मदत नाही पाठवली?" मी गप्प. पाठवली होती, पण इंग्रजांना, हे सांगायला जीभच रेटेना. दरवेळी देवगडच्या वाटेवर तुम्ही नानासाहेबांच्या नावाने का कडाडता, ते तिथे उभं राहून कळलं. फोनवर तुम्हीच सांगा तिला. जरा सौम्य भाषेत.

ईराला मात्र डार्विनच जास्त आवडला. त्याचा जन्म इथलाच, १८०९ चा. त्याच्या शाळेच्या जुन्या इमारतीत आता वाचनालय आहे, आणि दारात तो खुर्चीत बसलाय. तिने त्याच्याबरोबर सात फोटो काढले.

आई, मे महिन्यात येताना कयानीचे दोन खोके आण. एक शेजारच्या आजींना द्यायचाय. त्या तिथल्याच, आणि गावाचं नाव 'श्रोझबरी' असं म्हणतात. ट्रेनमधले गृहस्थ 'श्रूझबरी'वर ठाम होते. खुद्द गावकऱ्यांचंच ठरत नाही, तेव्हा आपलं पुणेरी चालू द्यावं.

बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
मनू