कोराची घोडी आणि ‘नामू’

आदरणीय जलीबुवा,

पश्चिम आफ्रिकेतल्या मांडिंका समाजात पिढीजात कथागायकाला जली म्हणतात, हे आता आम्हाला ठाऊक आहे. ‘बुवा’ आम्ही जोडलं, जसं आमच्या कीर्तनकारांना जोडतो.

तुम्ही गांबियातल्या ब्रिकामाहून इतक्या धीरानं समजावलंत, म्हणून आमची कोरा, म्हणजे तिकडचं 21 तारांचं वाद्य, आज सुरात आहे. मनापासून आभार. तुमचं सांगणं इथे उतरवून ठेवतो, म्हणजे ज्यांच्या हाती ही भोपळ्याची वीणा येईल त्यांना कामी येईल.

घोडी, म्हणजे तारांना आधार देणारा उभा तुकडा, चिकटवलेली नसते. डावीकडच्या 11 आणि उजवीकडच्या 10 तारांच्या दाबावरच ती कातड्यावर उभी असते. त्यामुळे तारा बदलताना एक काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, मगच पुढची. सगळ्या एकदम सोडल्या की घोडी कोसळलीच.

पावसाळ्यात सगळेच सूर उतरले तर दोष तारांचा नसतो. दमट हवेनं गायीचं कातडं सैल पडतं, घोडी खाली बसते. अशा वेळी घाईनं तारा ताणल्या, तर हवा कोरडी होताच कातडं आवळतं, सूर चढतात आणि बारीक तार तुटते. आधी वाद्य कोरड्या खोलीत ठेवायचं, मग सूर लावायचे. दांडीवरची चामड्याची कडी, म्हणजे कोन्सो, नुसती ओढायची नाही. किंचित पिळत, केसभर वर. ओढली की ती झटक्यात सरकते आणि हवा तो सूर मागे राहतो.

कोराच्या सौता नावाच्या सूरजुळणीतला चढा मध्यम ऐकून आमच्या कानांना कल्याण थाट आठवला. तरी हार्मोनियमवरून कोरा लावू नका, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. जुन्या जुळणीतले काही सूर दोन पट्ट्यांच्या मधे बसतात.

सगळ्यात मोठं ऋण मात्र ‘नामू’चं. माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता याची कथा चालू असताना ओळीओळीला ‘नामू’, म्हणजे ‘होय’, म्हणणारा माणूस लागतो. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांची आठवण होते, पण हा माणूस सूर धरत नाही, ओळ झेलतो. ओळ पुरी व्हायच्या आत बोलला तर शेवटचा शब्द, बहुतेकदा एखाद्या पूर्वजाचं नाव, बुडतं. आम्ही नेमकं तेच करत होतो.

पुढच्या वेळी तुम्ही कथा लावाल, तेव्हा नाव पुरतं उमटेपर्यंत थांबू.

आपले,
पुण्यातले कोराचे विद्यार्थी