मंगळवारच्या आधी

भुसावळ, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी ताडकन बोलून गेले, "आपली शेगडी परक्यांनी घासायची?" तेव्हापासून मनाला लागलंय. खोली रिकामी करायची, ऑफिस सांभाळायचं, वर घरमालक डिपॉझिट कापेल ही धास्ती. मंगळवारी शेगडी साफ करायला माणसं बोलावलीस ते बरंच केलंस.

फक्त ती यायच्या आधी रेग्युलेटर बंद कर. शेगडीची बटणं नव्हे, सिलिंडरवरचा रेग्युलेटर.

ती चिकटा सोडवणारं औषध फवारतील. दहा-पंधरा मिनिटं मुरू दे, लगेच पुसायची घाई करू देऊ नकोस. काचेवर तारेची घासणी नको, ओरखडे कायमचे राहतात. अ‍ॅल्युमिनियमचे बर्नर सोड्याच्या पाण्यात टाकले तर काळे पडतात. चिकटा निघेल, पण बर्नरभोवतीचं स्टील तापून निळसर झालंय ते जाईलच असं नाही, त्यावरून त्यांच्याशी वाद घालू नकोस. चिमणीची जाळी पैशांत धरली आहे का, ते आधीच विचार.

बघ, पुन्हा शिकवायला बसले. रागावू नकोस.

तो काळा थर कशाचा ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे भरताची वांगी शेतात तुराट्यांवर भाजायची, तू गॅसवर भाजतेस आणि रस गळून जळतो. पुण्यात राहून कळण्याची भाकरी थापतेस, मैत्रिणींना भरीत खाऊ घालतेस, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगते.

तू चौथीत होतीस. शेगडी पुसताना माझ्या फडक्यानं बटण फिरलं, मला कळलंच नाही. मी शेवभाजीचा मसाला वाटत बसले. वास तुला आला. पप्पांनी दारं-खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. ओट्यावर काडेपेटी अर्धी उघडी होती. ती अजून डोळ्यांसमोर येते गं.

म्हणून म्हणते. काम झाल्यावर बर्नर पुरते वाळू दे, ज्योत निळी यायला हवी. नळीला साबणाचा फेस लाव. बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद कर आणि बाहेर येऊन गॅसगळतीच्या १९०६ नंबरला फोन लाव. नळीवरची तारीखही बघ, असं पप्पा म्हणतायत.

मंगळवारी रेग्युलेटर बंद केलास की मला मिस्ड कॉल दे. ती माणसं दारात आली की दुसरा.

तुझी,
आई