सईला, बॅटन रूजच्या पत्त्यावर

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, पदवी ओहायो स्टेटची आणि आता इथे जांभळी-सोनेरी जर्सी घालून एलएसयूसाठी (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीसाठी) ओरडले तर बेइमानी होईल का?’ तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला. उत्तर राहूनच गेलं.

तिथे जो भेटेल तो तुला एलएसयूच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या 2019 च्या मोसमाबद्दल सांगेल. पंधराच्या पंधरा सामने जिंकले, त्यांनी का सांगू नये? पण ते लोक गोष्ट मधूनच सुरू करतात. तिची सुरुवात आपल्या कोलंबसमध्ये आहे.

त्या मोसमात एलएसयूचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चढाई चालवणारा गडी, होता जो बरो. तो 2015 साली ओहायो स्टेटला आला. मुलगा इथून जवळच्याच अ‍ॅथेन्सकडचा. आधी जे. टी. बॅरेट खेळत होता, हा बाकावर. 2017 मध्ये याचा हात मोडला आणि ड्वेन हॅस्किन्स पुढे सरकला. तीन वर्षांत सगळे मिळून 39 पास याच्या वाट्याला आले. बाकीच्या जागांवर गडी आलटून-पालटून खेळवतात, क्वार्टरबॅकचं तसं नसतं. एक खेळतो, दुसरा कानाला हेडसेट लावून बघत उभा राहतो.

आता तुझ्यासाठी महत्त्वाचं. त्या काळी कॉलेज बदललं की साधारणपणे एक वर्ष सामन्यांबाहेर बसावं लागे. पदवी हातात असेल तर मात्र लगेच खेळता येई. बरोने तीन वर्षांत पदवी घेतली, 2018 मध्ये, आणि मग एलएसयू गाठलं. रागाने बॅग उचलली नाही, आधी पदवी पूर्ण केली. त्याला पळपुटा म्हणणारे इथे होते. मला ते कधीच पटलं नाही.

तिथेही पहिलं वर्ष बेताचंच गेलं. टचडाउनचे (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचवून गुण मिळवून देणारे) पास 16. त्यात टेक्सास ए अँड एमशी सामना सात वेळा जादा डावांत गेला आणि 74-72 असा हातचा गेला. पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी नावाचा तरुण प्रशिक्षक आला. पाच-पाच गडी मैदानभर पांगवायचे आणि चेंडू झटकन सोडायचा, अशी नवी पद्धत त्याने आणली. टचडाउनचे पास 16 चे 60 झाले! जमार चेस आणि जस्टिन जेफरसन समोर पळत असल्यावर अर्धं काम सोपं, हेही खरं. पण ऑस्टिनमध्ये टेक्सासविरुद्ध तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) 17 यार्ड हवे असताना, अंगावर माणसं धावून येत असताना जेफरसनला दिलेला तो पास मी अजून अधूनमधून लावून बघतो.

मग अलाबामा. त्यांच्याकडून एलएसयू ओळीने आठ वेळा हरलं होतं. त्यांच्याच घरी जाऊन 46-41. ए अँड एमचं उट्टं 50-7 असं निघालं. त्या रात्री बरो मैदानात आला तो पाठीवरच्या आडनावाचं स्पेलिंग लुइझियानाच्या फ्रेंच वळणाचं करून. तुमचं टायगर स्टेडियम वेडं झालं होतं म्हणतात.

मला या सगळ्यात भावलेला माणूस वेगळाच आहे, जिमी बरो, त्याचे वडील. ते ओहायो युनिव्हर्सिटीत बचावफळीचे प्रशिक्षक होते. मुलाचे सामने बघता यावेत म्हणून 2018 च्या मोसमानंतर निवृत्त झाले. (मी अजून नोकरी सोडलेली नाही, तेव्हा भलत्या आशा धरू नकोस.)

डिसेंबरात बरोला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला. मतांत पहिले तिघेही, बरो, जेलन हर्ट्स आणि जस्टिन फील्ड्स, कॉलेज बदललेले होते. त्यातला फील्ड्स तर तेव्हा आपला! भाषणात बरोने अ‍ॅथेन्स परिसरातल्या गरिबीबद्दल, घरी पुरेसं जेवण नसलेल्या मुलांबद्दल सांगितलं. तिथल्या अन्नपेढीसाठी लोकांनी पाच लाख डॉलरांहून जास्त जमवले. तेव्हा तो दूर लुइझियानात खेळत होता, पण बोलला ओहायोबद्दल.

अंतिम सामना एलएसयू आणि क्लेमसनचा. त्याचं दुखणं आपलं खास आहे. क्लेमसनने उपांत्य सामन्यात ओहायो स्टेटला 29-23 हरवलं होतं. ओळीने 29 सामने जिंकलेला तो संघ 13 जानेवारी 2020 ला न्यू ऑर्लिन्समध्ये 17-7 पुढे होता. नंतर बरोने पाच टचडाउन पासांनी दिली, एक स्वतः पळून केलं. 42-25. कोलंबसमध्ये त्या रात्री लोक कुणाच्या बाजूने होते, हे आता कुणी कबूल करणार नाही. आमच्या घरात मात्र एलएसयूसाठी ओरडा झाला होता, तुझाच आवाज सगळ्यांत मोठा. तेव्हा बेइमानी करून बरीच वर्षं झाली.

नोव्हेंबरात आम्ही दोघं येतोय. तिकिटं रात्रीच्या सामन्याची काढ, आणि जागा वरची बघ. वरून सगळे गडी एकदम दिसतात. खाली बसून आईला नुसत्या पाठी दिसतील आणि मग ती मला दर डावाला प्रश्न विचारेल. गंबो खायची तिची तयारी आहे, पण त्यात काय काय घालतात ते आधी विचारून ठेव. मी ओहायो स्टेटची लाल-राखाडी टोपी घालूनच येणार. शेजारी बसायची लाज वाटली तर दोन रांगा पुढे बस.

तुझा,
बाबा