मुलाचा, मुलांचा आणि अपॉस्ट्रॉफी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

मनूच्या वहीचा फोटो पाहिला. 'दोन कुत्रे' लिहिताना तिने 'डॉग्ज'मध्ये एसच्या आधी अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर लटकणारी ती स्वल्पविरामासारखी खूण, दिली, बाईंनी त्यावर लाल रेघ मारली, आणि तू विचारतोस, उच्चार तोच आहे तर चुकलं कुठे?

पोरीचा गोंधळ खरा आहे रे. एका मुलाचं काही असो, बरेच मुलगे असोत किंवा त्या बऱ्याच मुलांचं काही असो, कानाला तिन्ही वेळा 'बॉइज'च ऐकू येतं. फरक फक्त कागदावर.

आता 'मुलाचा खेळ' आणि 'मुलांचा खेळ' हे दोन्ही लिहून बघ. सगळा फरक त्या एका टिंबाचा! इंग्रजीत हेच काम अपॉस्ट्रॉफीची जागा करते. एसच्या आधी आली तर मुलगा एक, नंतर आली तर अनेक. नुसतेच दोन कुत्रे असतील, त्यांचं काही सांगायचं नसेल, तर ती हवीच कशाला?

तिला नियम घोकायला लावू नकोस. आधी ज्याचं आहे त्याचं नाव पूर्ण लिहू दे, एक असेल तर एकवचनात, अनेक असतील तर अनेकवचनात. त्या अनेकवचनाच्या शेवटी एस असेल तर पुढे नुसती अपॉस्ट्रॉफी, नाहीतर अपॉस्ट्रॉफी आणि एस. म्हणून 'चिल्ड्रन' अनेकवचन असूनही त्याला दोन्ही लागतात.

आपल्याकडे 'चा' लागला की घोड्याचं सामान्यरूप होतं, शब्दच बदलतो. इंग्रजीत तसं होत नाही. सुऱ्या अनेक झाल्या की 'नाइव्ह्ज', पण एका सुरीची मूठ म्हणताना 'नाइफ' तसाच राहतो आणि पुढे अपॉस्ट्रॉफी-एस येतो. इथे मात्र कानही मदतीला येतो. हे उदाहरण तिला नक्की दे.

ही खूण आली कुठून, तर जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना मालकी दाखवायला 'ई-एस' लागायचं. पुढे त्यातला 'ई' गळला, त्याच्या जागी ही खूण बसली. अनेकवचनातल्या एसनंतर ती द्यायची पद्धत 18व्या शतकात रुळू लागली.

'इट्स'ने मात्र भलेभले फसतात. मालकीच्या 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी नाही, जशी 'हिज'ला नाही. ती दिलीस की अर्थ 'इट इज' किंवा 'इट हॅज' होतो.

मनूकडून 'मुलीची वही' आणि 'मुलींच्या वह्या' इंग्रजीत लिहून घे, आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.

तुझा,
मध्या