नंबर प्लेटवरचे ०४ आणि १०

न्यूर्नबर्ग, जर्मनी,
२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. नोकरी, जेवण, थंडी हे सगळं दर रविवारी फोनवर होतंच, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. पण गाडीचं फोनवर नीट बोलणं होत नाही. बाबा, तुम्ही विचारता "किती किलोमीटर झालेत?" मी आकडा सांगतो आणि पलीकडून बराच वेळ आवाजच येत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र. आईला वाचून दाखवताना इंजिनाचा भाग गाळलात तरी चालेल, वेगाचा मात्र गाळू नका.

तर आकडा २,१४,०००. गाडी २००४ सालची बीएमडब्ल्यू एम३, ज्या पिढीला इथे ई४६ म्हणतात ती. सहा सिलिंडर एका रांगेत, ३,२४६ सीसी, ३४३ अश्वशक्ती, आणि ही ताकद मिळते ७,९०० आरपीएमला. तुमचं म्हणणं, दोन लाख चाललेली असली गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. बाबा, डेपोत तुम्ही याच्या कितीतरी पट चाललेल्या गाड्या रस्त्यावर ठेवल्यात. तेव्हा तुम्हीच सांगायचात की किलोमीटर बघू नका, आत काय काय बदललंय ते बघा. मी तेच बघून घेतली आहे. साठ हजार चाललेली, पण दहा वर्षं नुसती उभी असलेली गाडीही बघितली होती. तिचे सगळे रबर बुश तडकले होते, सील सुकले होते. ती सोडून दिली.

या इंजिनाचं ठरलेलं दुखणं म्हणजे बिग एंडचे शेल, कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला बसतो तिथल्या बेअरिंगच्या पातळ वाट्या. स्ट्रोक ९१ मिमी आणि आरपीएम ८,००० पर्यंत, म्हणजे तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या वर जातो. एवढा भार त्या पातळ शेलवर आणि त्यांच्यामधल्या तेलाच्या थरावर येतो. तेल थंड आणि घट्ट असताना कोणी इंजिन ओढलं की पहिला मार तिथेच बसतो. आधीच्या मालकाने १,६८,००० किलोमीटरला शेल आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बदलले आहेत, बिल माझ्याकडे आहे. बोल्ट ताणून बसवायचे असतात, त्यामुळे एकदा सोडले की नवेच घालावे लागतात. बिलात त्यांचा वेगळा उल्लेख होता, म्हणून विश्वास बसला. तरी नुसत्या कागदावर मी राहिलो नाही. दर वेळी तेल बदलताना निम्मं तेल गळून गेलं की मधल्या धारेतलं थोडं बाटलीत धरून प्रयोगशाळेत पाठवतो. त्यात शिसं आणि तांबं किती ते कळतं. शिसं वाढलं तर शेलचा वरचा थर जातोय, आणि पाठोपाठ तांबंही चढायला लागलं तर आतला थर उघडा पडलाय. एका वेळच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, ओळीने तीन-चार आकडे लागतात. दोन आले, दोन्ही शांत आहेत. तिसऱ्याची वाट बघतोय.

तेल १०डब्ल्यू-६०, फिल्टरसकट साडेपाच लिटर. साडेसात-आठ हजार किलोमीटरला बदलतो, किंवा वर्ष झालं की. कंपनीची मुदत याहून बरीच लांब आहे, पण या वयाच्या इंजिनाला ती द्यायला माझं मन घेत नाही. मधे दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक. थोडं तेल ही गाडी खातेच, ते मी धरून चालतो. ते एकदम वाढलं तर मात्र शोधायचं.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. आरपीएमच्या काट्याभोवती नारिंगी दिवे आहेत. इंजिन थंड असताना ते वरच्या आकड्यांपाशी पेटलेले असतात आणि तेल तापत जाईल तसे एकेक करून विझतात. दिवा जळतोय तिथे काटा न्यायचा नाही. शेवटचा दिवा विझल्यावरही मी आणखी पाच मिनिटं थांबतो.

टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधली फट, मी स्वतः सेट केले. इथे तासावर भाड्याने लिफ्ट आणि पाने देणारी वर्कशॉप असते, गाडी आदल्या रात्री तिथेच लावली. कारण माप घेताना इंजिन ३५ अंशांच्या खाली हवं, आणि एवढं मोठं लोखंडी ब्लॉक चार तासांत तेवढं थंड होत नाही. इन्टेकला ०.१८ ते ०.२३ मिमी, एक्झॉस्टला ०.२८ ते ०.३३. एकूण २४ व्हॉल्व्ह. स्क्रू-नट नाही, व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक बारकी चकती बसते, तिची जाडी बदलायची. कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधे जो फॉलोअर असतो त्याची क्लिप काढून तो शाफ्टवर बाजूला सरकवायचा आणि चकती चुंबकाने उचलायची. त्याआधी प्लगच्या विहिरी आणि तेल परत जायची भोकं कापडाने बंद करायची, नाहीतर क्लिप आत पडली की सगळा दिवस गेला. जुनी चकती मायक्रोमीटरने मोजायची. तिच्यावर छापलेल्या आकड्यावर जायचं नाही, ती झिजलेली असते. दोन एक्झॉस्ट घट्ट निघाले, तिथे पातळ चकत्या घातल्या. घट्ट टॅपेट वाजत नाही म्हणूनच जास्त धोक्याचा. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि कड जळते. हे मी तुमच्याकडूनच शिकलोय. त्या दिवशी तुम्ही शेजारी हवे होतात.

व्हॅनोस म्हणून कॅमचं टायमिंग बदलणारा भाग असतो, त्याचं एकच सांगतो. त्याचा तेलपंप एक्झॉस्ट कॅमच्या हबला असलेल्या दोन दातांवर फिरतो. पंपाच्या चकतीची भोकं झिजून सैल झाली की दात आपटत राहतात आणि शेवटी तुटतात. तुटका दात टायमिंग चेनच्या बाजूला पडला तर इंजिन संपलं. म्हणून घट्ट भोकांची चकती आणि नवे हब बोल्ट घातले आहेत. कूलंटची प्लास्टिकची टाकी, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि होस एकदम बदलले. टाकी सांध्यावर तडकते आणि आधी सूचना देत नाही, त्यामुळे तडकायची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

सगळ्यात खर्चिक काम इंजिनाचं नव्हतंच. मागची सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल धरणारा सांगाडा, जिथे बॉडीला बोल्टने बसते, तिथला पत्रा या गाड्यांत फाटतो. पातळ पत्रा, स्पॉट वेल्ड, आणि दर वेळी क्लच सोडला की डिफरन्शियलचा हिसका तिथेच. खालून वरवर बघून कळत नाही, गंजरोधक थराखाली चीर लपते. सबफ्रेम पूर्ण उतरवून, थर खरवडून बघावं लागतं. डिकीतला गालिचा उचलूनही स्पॉट वेल्ड सुटलेत का ते बघायचं. माझ्या गाडीला एका बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर होती. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती पुढे सरकायची थांबवली, मग वेल्ड केली, आणि चारही ठिकाणी जाड पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. सबफ्रेम खाली होतीच, तेव्हा तिचे बुश, ट्रेलिंग आर्मचे बुश आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या त्याच वेळी बदलल्या. हे काम मी स्वतः केलं नाही. इथे बॉडीचं वेल्डिंग जाणकाराकडूनच करून घ्यावं, तपासणीत ते बारकाईने बघतात.

आता नंबर प्लेट. फोटो बघून आईने विचारलं होतं, उजव्या कडेला एकाखाली एक ०४ आणि १० का लिहिलंय? बँकेचे हप्ते आहेत का? नाहीत गं आई. नीट सांगतो, कारण मलाही हे समजायला वेळ लागला. ते महिने आहेत. ही गाडी फक्त १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर रस्त्यावर आणायची परवानगी आहे. इथे कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त अकरा महिन्यांचा असा हंगाम आपण निवडायचा असतो. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. उरलेल्या महिन्यांत गाडी चालवायची नाहीच, पण सरकारी रस्त्याच्या कडेला नुसती उभीसुद्धा करायची नाही. १ नोव्हेंबरला दारासमोर दिसली तर दंड. म्हणून लोक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक फेरी मारतात आणि गाडी गॅरेजमध्ये ढकलून तिच्यावर चादर घालतात. त्याला इथे "हिवाळ्यात घालणं" असा शब्दच आहे. कोणी कोणाला वेडा म्हणत नाही. कारण असं की हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून. ते मीठ पाण्यातून चाकांच्या कमानीत, ब्रेकच्या नळ्यांवर, सबफ्रेमच्या सांध्यांत शिरतं आणि लोखंड खातं. वीस वर्षांच्या गाडीला दोन हिवाळे असे काढायला लावले तर वेल्डिंगवर घातलेले सगळे पैसे पाण्यात. सरकारी तपासणी हिवाळ्यात येत असेल तर तीसुद्धा पुढच्या हंगामाच्या पहिल्या महिन्यात चालते. ही तपासणी दर दोन वर्षांनी होते. माझी एप्रिलमध्ये एकही दोष न निघता झाली. प्लेटवरचा गोल पिवळा स्टिकर दिसतो ना, तो २०२७ पर्यंतचा.

"पाच महिने बंद ठेवायची तर घेतलीच कशाला," असं बाबा म्हणाले. बंद म्हणजे टाकून दिलेली नाही, बाबा. गुरुवारी खालून धुतली, वीस किलोमीटर चालवून वाळवली. ब्रेक ओले ठेवून उभी केली तर डिस्क गंजते. तेल हिवाळ्याआधी बदललं, नंतर नाही, कारण वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल साचलेली असते, ती पाच महिने बेअरिंगवर बसायला नको. पेट्रोलची टाकी पूर्ण भरली. टायरमध्ये ३ बार हवा, म्हणजे एका जागी चपटे होत नाहीत. हँडब्रेक सोडून गिअरमध्ये, चाकांना ठोकळे. या गाडीचा हँडब्रेक डिस्कच्या आतल्या ड्रमवर चालतो आणि ओढून ठेवला तर शू चिकटतात. मधे मधे "जरा सुरू करून बघ" असं तुम्ही म्हणाल, पण ते करणार नाही. उभ्या उभ्या दहा मिनिटं चालवलं तर तेल पुरतं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये, क्रँककेसमध्ये पाणी धरतं. तळघरातल्या जागेवर सॉकेट नाही, म्हणून बॅटरी काढून घरी आणली आहे. आई, ती बाल्कनीजवळच्या कपाटात आहे, स्वयंपाकघरात नाही. चार्जर करंट आपोआप कमी करतो.

आणि वेग. हो, इथल्या मोठ्या रस्त्यांच्या काही टप्प्यांना मर्यादा नाही, पण १३० ची शिफारस आहे आणि मी ती पाळतो. टायर २०२३ चे आहेत. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. खाचा भरपूर आहेत म्हणून जुने टायर चालवायचे नाहीत. पुढे २२५, मागे २५५, त्यामुळे पुढचे मागे घालता येत नाहीत आणि मागचे लवकर जातात. कामावर तर मी मेट्रोनेच जातो.

आता पैशांचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण मनूने विचारलं आणि तिच्याशी खोटं बोललो नाही. गाडी २२ हजार युरोंची, वेल्डिंग आणि सबफ्रेमचे २,८०० वेगळे. कर्ज नाही. तिच्या लग्नाचे सहा लाख गाडीच्या आधीच बाजूला काढले होते, ते परवा पाठवले, दोन दिवसांत खात्यात दिसतील. हॉलची उरलेली रक्कम त्यातूनच द्या, काकांकडून उसने घेऊ नका. बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही लग्नानंतर, मग उन्हाळ्यानंतर असं पुढे ढकलताय, ते मला मनूकडून कळलं. पत्र्याची चीर दिसली तेव्हा मी आठ दिवसांत गाडी लिफ्टवर चढवली. तुम्ही वर्षभर जिना एका पायाने चढताय आणि मी फोनवर "बरं आहे ना?" विचारून ठेवून देतो. जानेवारीची तारीख घ्या. मनूच्या लग्नाला आलो की डॉक्टरांना मीच भेटतो, आणि ऑपरेशनच्या वेळी दोन आठवडे पुन्हा येतो, रजा मागून ठेवली आहे.

विमान २२ तारखेचं, २३ ला पहाटे मुंबई. गणपतीला आलो नाही, दिवाळीला आलो नाही, आई काही बोलली नाही हे लक्षात आहे. त्या स्थळाचं म्हणशील तर फोटो बघितला, पत्रिका काय ती तुम्ही बघा. आधी मनूचं होऊ दे, पण २६ ला त्यांच्याकडे चहाला जायला माझी ना नाही. गाडीची किंमत मी स्वतः सांगेन, तुम्ही आधी सांगू नका.

आज तुळशीचं लग्न. ऊस कोणी आणला ते कळवा.

तुमचा,
अभिजित

ता. क. बाबा, पत्र्याच्या डब्यातली तुमची जुनी फिलर गेज, फट मोजायच्या पट्ट्यांची, काढून ठेवाल का? इथे घेतलेलीची ०.१८ ची पट्टी टोकाला वाकली आहे.